पिंपळाखाली कोण बसलंय?

निसर्गात देव पाहावा असं सांगणाऱ्यांची मराठी साहित्यात कधीच वाण नव्हती. सूर्य उगवला की परमेश्वर, नदी दिसली की परमेश्वर, फुलावर दव पडलं की परमेश्वर. हे हिंदू तत्त्वज्ञानाचं थोर देणं म्हणून आपल्याला ऐकवलं जातं. ऋषींनी झाडाला देव मानलं म्हणून झाडं टिकली, असं हल्ली पर्यावरणाच्या सभांतही सांगतात. आपल्यातले शिकलेले मित्रसुद्धा माना डोलवतात. म्हणतात, जातीचं सोड, पण ही दृष्टी घ्यायला काय हरकत आहे?

मी शाळा अर्धी टाकून सूतगिरणीत लागलेला माणूस. संस्कृत येत नाही. भाषांतरं रद्दीवाल्याकडून आणली आणि पाळी सुटल्यावर वाचली. वाचून माझं मत झालं ते असं : ज्या बोटानं त्यांनी निसर्गातला देव दाखवला, त्याच बोटानं निसर्गातली जात दाखवली. एक घ्या आणि दुसरं टाका, असं ते सुटं करता येत नाही. पुरावा त्यांच्याच पुस्तकांतला देतो.

पहिलं, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पुरुषसूक्त. विराट पुरुषाच्या मनातून चंद्र झाला, डोळ्यातून सूर्य, श्वासातून वारा, मस्तकातून आकाश. कल्पना मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण लगेच आधीच्या ऋचेत त्याच देहाचं तोंड म्हणजे ब्राह्मण आणि पायातून शूद्र. म्हणजे सूर्याची जागा जशी ठरलेली तशी शूद्राची. सूर्याला पश्चिमेला उगव म्हणून कोणी अर्ज करत नाही, तसा शूद्रानंही करू नये. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच हे सूक्त तपासायला घेतलं, ते उगाच नाही. आणि बघा, त्याच पायातून भूमीही झाली म्हणतात. भूमीला माता म्हणून नमस्कार, आणि त्याच पायातून आलेल्या माणसाला लाथ. आपल्याला तर त्या देहात पायाचं बोटसुद्धा मिळालं नाही.

दुसरं, छांदोग्य उपनिषद. सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या पोराला, श्वेतकेतूला, वडाचं फळ आणायला लावतो. फळ फोड. बी फोड. आत काय दिसतं? काहीच नाही. जे दिसत नाही त्यातूनच एवढा वड उभा आहे, आणि ते तूच आहेस, असं बाप सांगतो. हातात वस्तू देऊन पोराला शिकवायची ही रीत मला आवडली. पण एक अध्याय मागं जा. पाचव्यात लिहिलंय की ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनीत जातात. ज्यांचं वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या नाहीतर चांडाळाच्या योनीत. वडाच्या बीत ब्रह्म दिसलं आणि चांडाळाच्या पोरात मागल्या जन्माचं पाप दिसलं! एवढं बारीक बी फोडणाऱ्यांना ही गोष्ट काही फोडून बघावीशी वाटली नाही.

तिसरी गीता. दहाव्या अध्यायाचं नाव विभूतियोग. निसर्गात देव कसा ओळखायचा त्याची इथं यादीच आहे. झाडांत पिंपळ मी, स्थावरांत हिमालय मी, नद्यांत गंगा मी, पशूंत सिंह, पक्ष्यांत गरुड, ऋतूंत वसंत. आणि माणसांत? माणसांत राजा. फसवणाऱ्यांत जुगारसुद्धा आहे. पण बाभळ नाही, चिमणी नाही, ज्वारी-बाजरीचं नाव नाही. प्रत्येक जातीतला वरचा तेवढा उचलला आणि त्याला देव म्हटलं. ही निसर्गाकडं बघण्याची नजर नव्हे, ही दरबारात मानाच्या जागा वाटायची रीत झाली.

इथं पंडित म्हणतील, पाचवा अध्याय वाच. ज्ञानी माणूस ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्याकडं सारखंच बघतो असं तिथं आहे. आहे खरं. पण बघतो म्हटलंय. जवळ बसवतो, पाणी देतो, असं म्हटलेलं नाही. वागायचं कसं ते अठराव्यात सांगितलंय : चारी वर्णांची कामं स्वभावातून जन्मलेली, आणि शूद्राचं काम सेवा. 'स्वभाव' हा शब्द नीट बघा. जी गोष्ट समाजानं केली ती निसर्गाच्या नावावर टाकली की मग जाब कोणाला विचारणार?

या दृष्टीची परीक्षा पुस्तकात होत नाही, पाणवठ्यावर होते. वेदात पाणी ही देवता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि हजारो माणसं प्याली, आणि देवता बाटली! मग शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून घागरी ओतल्या आणि तळं शुद्ध केलं. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. पाण्यात देव पाहणाऱ्यांना काठावरच्या माणसाची तहान दिसली नाही. वाऱ्याचंही तेच. तो पुरुषाचा श्वास असेल, पण आमच्या ब्लोरूममधला वारा फुप्फुसात रुईची धूळ भरतो. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्या वाऱ्याला नमस्कार करून छातीतली घरघर थांबत नाही. पंखा, जाळी आणि तपासणी मागावी लागते.

मग निसर्ग काय त्यांच्या नावावर सोडून द्यायचा? मुळीच नाही. गीतेतला पिंपळ आणि बोधगयेचा पिंपळ, झाड एकच. तिथं झाड स्वतःच देव. इथं झाडाखाली एक माणूस बसलाय. तो झाडात देव शोधत नाही, दुःखाचं कारण शोधतोय. कारण सापडल्यावर तो झाडापाशी थांबला नाही, उठला आणि माणसांत गेला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ईश्वरावरचा विश्वास, ब्रह्मात विलीन होणं, आत्मा, या गोष्टी धम्म नव्हे म्हणून स्पष्ट बाजूला काढल्यात. ते प्रकरण प्रत्येकानं वाचावं.

आता आपल्या कवितेबद्दल, कारण दुसऱ्यांचं वाचून आपलं झाकायचं हा खेळ बरा नाही. आपल्या कवितांत सूर्य फार आलाय. अंधारातल्या माणसानं सूर्य मागितला, हातात मशाल घ्यावी तसा शब्द हातात घेतला, तोवर ती आपली कविता होती. पण आता जयंतीच्या कवितेत सूर्य सिंहासनावर बसतोय. नेत्यांत बाबासाहेब, झाडांत बोधिवृक्ष, नद्यांत नैरंजना... ही यादी ओळखीची वाटत नाही? नवा विभूतियोगच हा. बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही ही प्रतिज्ञा १९५६ साली नागपुरात आपल्या माणसांनी घेतली. आणि राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावलं होतं. ज्यानं हे सांगितलं त्यालाच आपण आकाशात टांगायचं, म्हणजे खाली राबायला आणि भांडायला कोणी उरणार नाही.

दोस्तांनो, झाडावर खुशाल लिहा. पावसावर, नदीवर लिहा. आपल्या आया रानातनं सरपण आणत होत्या, आपल्याला रान कोणी शिकवायला नको. फक्त लिहिताना विचारा : हे झाड कोणी लावलं, पाणी कोणी घातलं, सावलीत कोण बसलंय आणि तिथनं कोणाला उठवलं? याची उत्तरं ज्या कवितेत असतील ती पुढच्या अंकासाठी जरूर पाठवा.

जयभीम.