शिकागोचे व्यासपीठ आणि मुंबईचे वक्ते

१८९३ साली शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्म परिषदेचे नाव मराठी वाचकाला नवे नाही; परंतु त्याच्या मनातील परिषद स्वामी विवेकानंदांच्या संबोधनाने सुरू होते आणि टाळ्यांच्या कडकडाटात तिथेच संपते. प्रत्यक्षात ती ११ ते २७ सप्टेंबर अशी सतरा दिवस चालली होती. संयोजन समितीचे अध्यक्ष, प्रेस्बिटेरियन पाळक जॉन हेन्री बॅरोज यांनी त्याच वर्षी तिचा दोन खंडांचा सचित्र वृत्तांत प्रसिद्ध केला. वासाहतिक काळातील आंतरधर्मीय परिषदांची चर्चा बहुधा याच ग्रंथाच्या आधारे होते. मात्र हा यजमानाने लिहिलेला वृत्तांत आहे, याचे भान वाचताना सुटता कामा नये.

कोलंबस अमेरिकेस पोहोचल्याला चारशे वर्षे झाली म्हणून शिकागोत भव्य प्रदर्शन भरले होते, आणि परिषद हा त्या उत्सवाचाच एक भाग होता. दहा धर्मांच्या नावे घंटेचे दहा टोल पडले. बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. दृश्य हृद्य असले पाहिजे. परंतु त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा धर्म या दहांत नव्हता. त्यांच्या श्रद्धांविषयी ॲलिस फ्लेचर या गोऱ्या विदुषीने निबंध सादर केला. ज्यांच्या भूमीवर उत्सव चालला होता, त्यांना स्वतःच्या देवाविषयी स्वतःच्या तोंडाने बोलण्यास कोणी पाचारण केले नाही.

आपल्या इलाख्यातून गेलेल्यांची आठवण आपणच फारशी ठेवलेली नाही. ब्राह्मो पंथाच्या वतीने बोललेले मुंबईचे बी. बी. नगरकर यांनी भारतातील समाजसुधारणेचा आढावा घेताना जातिभेद आणि बालविवाह यांवर बोट ठेवले. पुण्याच्या ख्रिस्ती धर्मोपदेशक सोराबजी खरसेदजी यांची कन्या जीन सोराबजी भारतीय स्त्रियांविषयी बोलल्या. जीवनजी जमशेदजी मोदी यांचा पारशी धर्मावरील निबंधही वृत्तांतात आहे. पण मला थांबून वाचावेसे वाटते ते वीरचंद राघवजी गांधी यांना.

परिषदेत वादंग नको, असा संयोजकांचा दंडक होता. तरीही लंडनहून आलेले प्रवचनकार जॉर्ज पेंटेकॉस्ट यांनी दक्षिण भारतातील देवळांतील स्त्रियांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. गांधी जैन होते. त्यांच्या धर्मावर कोणी टीका केली नव्हती. ते स्वस्थ बसू शकले असते. ते हिंदू बांधवांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी अकबराची एक कथा सांगितली. पोर्तुगिजांनी मक्केच्या यात्रेकरूंचे जहाज लुटले आणि त्यातील कुराणाच्या प्रती कुत्र्यांच्या गळ्यात बांधून होर्मुझच्या रस्त्यांवरून धिंड काढली. पुढे पोर्तुगीज जहाज बादशहाच्या हाती लागले व त्यात बायबलच्या प्रती सापडल्या. त्यांची तशीच विटंबना करावी, असा आईचा आग्रह होता; मातृभक्त अकबराने तो मानला नाही. अज्ञानी माणसांच्या कृत्याची नक्कल करणे त्याला उचित वाटले नाही.

१७३९ पर्यंत पोर्तुगीज सत्तेखाली राहिलेल्या वसईतील आणि त्याहून कितीतरी अधिक काळ राहिलेल्या गोव्यातील ख्रिस्ती वाचकाला ही कथा अवघड वाटेल. वाटावी. सतरा दिवसांत निबंधामागून निबंध वाचले गेले, परस्परांची वाखाणणी झाली. संवाद मला आढळतो तो दंडक मोडल्यावर, या प्रसंगात.

बॅरोज यांनी त्यातून काय घेतले? १८९६-९७ मध्ये ते भारतात व्याख्यानांसाठी आले. ख्रिस्ती धर्म हाच जगाचा धर्म, हा त्या व्याख्यानांचा आशय शीर्षकातच उघड होता. परिषदेने त्यांचे मत हलवलेले दिसत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेची बाजूही तपासली पाहिजे. वॉशिंग्टनच्या कॅथोलिक विद्यापीठाचे रेक्टर बिशप जॉन कीन यांनी परिषदेत उत्साहाने भाग घेतला होता. १८ सप्टेंबर १८९५ रोजी पोप तेरावे लिओ यांनी आर्चबिशप सतोल्ली यांना लिहिलेल्या पत्रात अशा संमिश्र परिषदांविषयी नापसंती दर्शवली. कॅथोलिकांनी आपल्या सभा स्वतंत्रपणे भरवाव्यात, इतरांना ऐकण्यास मुभा असावी, असा सल्ला दिला. पुढच्या वर्षी कीन यांना रेक्टरपद सोडावे लागले. हे पत्र निव्वळ संकुचितपणाचे मानणे मला पटत नाही. प्रदर्शनाच्या मांडवात धर्मही मांडलेल्या मालासारखे दिसतील, ही भीती निराधार नव्हती. कँटरबरीचे आर्चबिशपही याच सुमाराच्या शंकेने दूर राहिले होते. खटकते ते वेगळेच. आपण बोलावे आणि इतरांनी ऐकावे, ही पत्रातील व्यवस्था आणि बॅरोज यांची मनोवृत्ती यांत अंतर थोडे आहे. इतर धर्मांतील चांगले ते ओळखा, जपा व वाढवा, असे ख्रिस्तसभेने सांगण्यास २८ ऑक्टोबर १९६५ उजाडावा लागला.

परिषदेहून परतलेल्या माणसाने पुढे काय केले, हीही एक कसोटी आहे, आणि तिथे शिकागोपेक्षा लहान असलेली एक परिषद मला महत्त्वाची वाटते. १९०३ साली ॲम्स्टरडॅमला उदारमतवादी धर्मपंथीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ऑक्सफर्डला तौलनिक धर्माचे अध्ययन केलेले प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे तिथे निबंध वाचून मायदेशी परतले. नगरकर शिकागोत ज्या जातिभेदाविषयी बोलले होते, त्याच्याशी शिंदे यांनी आयुष्यभर झुंज दिली. १९०६ च्या ऑक्टोबरात परळला अस्पृश्य मुलांसाठी त्यांनी शाळा उघडली.