झिजलेल्या शिवराईचें वाचन : एक चिकित्सा

अलीकडे धातुशोधक यंत्राच्या साह्यानें शेतांतून व ओढ्याकांठाहून जुनीं नाणीं शोधण्याची हौस वाढली आहे. अशा रीतीनें हातीं आलेलें एक अत्यंत झिजलेलें तांब्याचें नाणें एका स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहावयास दिलें. ही श्रीशिवछत्रपतींची राज्याभिषेकसमयींची शिवराई होय, असा निर्णय सोबतच्या टिपणांत अगोदरच लिहिलेला होता. निर्णय प्रथम व पुरावा मागाहून, हा क्रम संशोधनास कितपत मानवेल, याचा विचार या निमित्तानें करणें अवश्य वाटतें.

टिपणकारांचा आधार एवढाच कीं, एका बाजूस 'श्री' स्पष्ट आहे व त्याखालीं 'राजा' हें कष्टानें वाचतां येतें. सबब तिसऱ्या ओळींत 'शिव' असलेंच पाहिजे. परंतु 'श्री राजा' हीं अक्षरें एकट्या शिवछत्रपतींच्या नाण्यांवर नाहींत. शंभुछत्रपति व शाहूछत्रपति यांच्या नांवाचीं तांब्याचीं नाणींही याच धाटणीचीं आहेत. शिवाय 'श्री राजा शिव' व पाठीवर 'छत्रपति' हा मजकूर १६७४ च्या राज्याभिषेकापासून चालू झाला, तो १६८० मध्यें महाराजांच्या निधनाबरोबर थांबला नाहीं. पुढें शतकाहून अधिक काळ निरनिराळ्या टांकसाळींतून तो पाडला जात होता, व म्हणूनच 'शिव', 'शीव', 'सिव' अशीं भिन्न रूपें आढळतात. तेव्हां 'शिव' हें निर्विवाद वाचलें, तरी त्यानें नांव सिद्ध होतें. काळ सिद्ध होत नाहीं.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. तिसरी ओळ 'झिजून गेली' असें टिपणकार म्हणतात. वस्तुतः शिवराई हातानें ठोकलेली. ठसा मोठा व तांब्याचा तुकडा लहान, असा प्रकार नेहमींचा. त्यामुळें मजकुराचा कांहीं भाग मुळांतच नाण्यावर उमटत नसे. झिजलेलें अक्षर आणि न उमटलेलें अक्षर हीं दोन्हीं सारखीं मानणें म्हणजे पोथींतील कसरीनें खाल्लेला मजकूर व लेखकानें गाळलेला मजकूर यांत भेद न करण्यासारखें आहे. पोथी संपादितांना आपण त्रुटित अक्षरें कंसांत घालतों, अनुमानानें भरलेलीं निराळीं दाखवितों. तीच शिस्त नाण्यासही लागू करावी. प्रस्तुत नाण्यावर 'श्री' निश्चित, 'राजा' संभाव्य, व तिसऱ्या ओळीची जागा तुकड्याबाहेर गेलेली, इतकेंच म्हणतां येईल.

खरा उलगडा दुसऱ्या बाजूनें केला. नाणें दिव्याखालीं सपाट न धरतां, प्रकाश एका अंगानें तिरपा पाडून तें हळूहळू फिरविलें. 'पति' या अक्षरांच्या वरती दोन समांतर आडव्या रेषा उठून दिसल्या. टिपणकारांनीं यांस नांगराचे ओरखडे समजून सोडून दिलें होतें. परंतु ओरखडा पृष्ठभागाच्या खालीं जातो. या रेषा वर उठलेल्या आहेत, म्हणजे त्या ठशांतल्याच. हीच ती 'दुदांडी' शिवराई. हा प्रकार पेशवाईच्या उत्तरकालांतील असून, १८१८ नंतर कंपनी सरकारनेंही पुण्यास तशीं नाणीं पाडलीं. त्यांपैकीं कांहींवर फसली सालाचे आंकडे असतात. प्रस्तुत नाण्यावर आंकडा दिसत नाहीं, म्हणून पेशवाई कीं कंपनी हा निवाडा आम्ही करीत नाहीं. मात्र राज्याभिषेकाशीं त्याचा संबंध नाहीं, हें निश्चित.

आणखी एक गोष्ट खेदानें नमूद करावी लागते. नाणें हातीं येतांच तें चिंच व राख लावून घांसण्यांत आलें होतें. तांब्यावरचा हिरवट कळंक हा केवळ मळ नव्हे. कित्येकदां अक्षराची उरलीसुरली कड त्या थरांतच टिकून असते. तो थर निघाला कीं तेवढा पुरावाही निघाला. त्याचप्रमाणें नाणें कोठें, किती खोलीवर, कशाच्या सान्निध्यांत मिळालें, याची टिपणांत एक ओळही नाहीं. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील किमतीचा भूमिगत ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. पण कायदा बाजूस ठेविला तरी, स्थळ न नोंदलेलें नाणें म्हणजे पुष्पिका फाटलेली पोथी होय.

हा निर्णय ऐकून आमचे स्नेही खिन्न झाले. तें स्वाभाविक आहे. महाराजांच्या हातची वस्तु आपल्या मुठींत यावी असें कोणास वाटत नाहीं? परंतु आदरानें पुरावा उत्पन्न होत नाहीं. महाराजांच्या पश्चात् पाडलेल्या नाण्यावरही त्यांचेंच नांव लोकव्यवहारांत चालावें, ही गोष्ट त्यांच्या कीर्तीची अधिक बळकट साक्ष नव्हे काय? इत्यलम्.