फुकटच्या फडताळात आम्ही कुठे?

मी नगर जिल्ह्यात मराठी शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. दया पवार आमच्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. माझा विद्यार्थी ई-रीडर पुढे करून विचारतो, ‘सर, ‘बलुतं’ फुकट कुठे मिळेल?’

फुकटच्या फडताळात कोण बसणार हे काळ ठरवतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. म्हणून फुल्यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) खुली. नगरला १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’त १८५५ मध्ये छापलेला मुक्ता साळवेचा निबंध खुला. बाबासाहेबांचे हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०१७ पासून खुले. पण अण्णाभाऊ १९६९ साली गेले. त्यांच्यासाठी २०३० उजाडावे लागेल. पवार १९९६ साली गेले. ‘बलुतं’ (१९७८) खुले होईल २०५७ मध्ये. ज्यांच्या हाती लेखणीच उशिरा आली, ते या फडताळातही उशिराच पोचणार. तोवर ते प्रस्थापितांनीच भरलेले राहील.

म्हणून हक्क मोडा, असे मी म्हणत नाही. चोरटी पीडीएफ लेखकाच्या वारसांचाच घास पळवते. शिवाय ते पानांचे फोटो. छोट्या पडद्यावर अक्षरे मुंगीएवढी, वाढवावीत तर ओळ पडद्याबाहेर.

आपल्या नियतकालिकांनी लेखकांची, वारसांची लेखी संमती घ्यावी. विद्यार्थ्यांनी मजकूर युनिकोडमध्ये टंकावा, शिक्षकांनी मुद्रिते तपासावीत, ईपब करून स्वस्तात द्यावे. हे काम चळवळीचेच आहे. विद्यार्थ्याला मी तूर्त माझी छापील प्रत दिली. ती एकच आहे, आणि वर्गात साठ जण आहेत.