आठ अंकी प्लांक आणि 'मानवी चुका'

एमएस्सीची जर्नल्स तपासायला बसलं की एलईडीचा प्रयोग हमखास भेटतो. आणि त्यात हे उत्तर: ह = ६.४८७३९२१ई-३४. एकक नाहीच. खाली 'मान्य किंमतीपासून २.०९ टक्के फरक, मानवी चुकांमुळे' असं लिहून मंडळी मोकळी.

ई-३४ ही कॅल्क्युलेटरची भाषा आहे. त्याच्या पडद्यावर घातांक वर चढवायला जागा नव्हती, तुमच्या वहीत आहे. पण माझा खरा राग त्या आठ अंकांवर आहे. व्होल्टमीटरवर एलईडी पेटण्याचा क्षण तुम्ही ०.०५ व्होल्टपर्यंत पकडता, तोही डोळ्यांनी. दोनेक व्होल्टमध्ये एवढी अनिश्चितता म्हणजे साधारण तीन टक्के. मग प्रामाणिक उत्तर एवढंच: (६.५ ± ०.२) × १०^-३४ जूल सेकंद.

आता गंमत बघा. प्लांकचा स्थिरांक २० मे २०१९ पासून ६.६२६०७०१५ × १०^-३४ असा कायमचा ठरवून टाकलाय. तुमचं उत्तर ६.३ ते ६.७ मध्ये, तो आत बसतो. म्हणजे प्रयोग बरोबर आलाय! चूक न करताच तुम्ही चुकीची कबुली दिलीत, का, तर लिहिताना अंक जास्त आणि ± गायब.

अनिश्चितता आधी, अंक नंतर. कंस घालून दोघांना एकच घातांक द्या. ६.५ × १०^-३४ ± २ × १०^-३५ हे गणिताने चूक नाही, पण वाचणाऱ्याने मनात दशांश चिन्ह का सरकवावं?

तसंच ३०० केल्विन. यात सार्थक अंक एक की तीन? ३.०० × १०^२ लिहिलं की वाद मिटतो. अर्थात प्रत्येक खोलीचं तापमान असं लिहायला लागलात तर गाईड वैतागतील, तेही बरोबरच.

दुसऱ्यांना नावं ठेवतोय, तर माझंही सांगतो. पोस्टरवर सिलिकॉनमधल्या अशुद्धी अणूंची संख्या दर घन सेंटिमीटरला १०^१६ लिहायची होती. मजकूर एका फाइलमधून दुसरीत चिकटवला, घातांक खाली घसरला, छापून आलं १०१६. सिलिकॉनमध्ये घन सेंटिमीटरला सुमारे ५ × १०^२२ अणू असतात. १०१६ म्हणजे जगात कुणाकडे नसेल इतका शुद्ध नमुना! परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "कुठून आणला?"

तेव्हापासून पीडीएफ झाली की आधी फक्त घातांक वाचतो.