पर्समध्ये गेलेली पाटी

'हिडन फिगर्स' हा 2016 सालचा इंग्रजी चित्रपट ज्या एका प्रसंगासाठी बायकांच्या लक्षात राहतो, तोच त्यातला सगळ्यात खोटा प्रसंग आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात लँगली इथं विमानं आणि अंतराळयानं यांवर संशोधन करणारं सरकारी केंद्र आहे. तिथं कॅथरीन जॉन्सन ही काळी गणितज्ञ नोकरी करते. तिच्या इमारतीतली स्वच्छतागृहं फक्त गोऱ्या बायकांसाठी, म्हणून कागदांचा गठ्ठा छातीशी धरून ती रोज अर्धा मैल पळत दुसऱ्या इमारतीत जाते. एके दिवशी पावसात चिंब भिजून परतल्यावर तिचा बांध फुटतो. मग तिचा साहेब अल हॅरिसन सगळ्यांच्या देखत घाव घालघालून 'कलर्ड' अशी पाटी खाली पाडतो. आमच्या महिला मंडळात हा चित्रपट दाखवला तेव्हा इथं टाळ्या पडल्या. डोळे पुसणाऱ्याही काही होत्या.

असं काही घडलंच नाही. अल हॅरिसन नावाचा साहेबसुद्धा नव्हता, दोन-चार अधिकारी एकत्र करून पटकथेसाठी बनवलेलं ते पात्र आहे. चित्रपटातला काळ 1961चा. पण लँगलीतले काळ्या-गोऱ्यांचे वेगळे कक्ष 1958 सालीच, केंद्र 'नासा'त गेलं तेव्हा, बंद झाले होते. आणि खरी कॅथरीन पळतबिळत नव्हती. गोऱ्या बायकांच्या स्वच्छतागृहावर पाटीच नसायची, म्हणून ती सरळ तिथंच जात राहिली. पुढं कुणी आक्षेप घेतला, तर तिनं तो मनावर घेतला नाही.

चित्रपटात थोडंफार इकडचं तिकडं होणारच, हे मला मान्य आहे. तीन तपांची हकीकत दोन तासांत बसवायची म्हणजे कात्री लागते. माझी तक्रार कात्रीबद्दल नाही. कात्री कुणाच्या वाट्यावर चालली, त्याबद्दल आहे. एका काळ्या बाईनं आपल्या अंगच्या धिटाईनं जे केलं, ते काढून एका गोऱ्या साहेबाच्या हातात दिलं आणि तिच्या वाट्याला पळणं आणि रडणं ठेवलं.

खरी पाटी काढणारी बाई वेगळीच होती, आणि ती चित्रपटात कुठंच नाही. मार्गो ली शेटर्ली यांच्या ज्या पुस्तकावरून हा चित्रपट निघाला, त्यात ती भेटते. शेटर्ली त्याच गावच्या, वडील लँगलीतच नोकरीला.

1941 साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आणि सरकारी नोकऱ्यांत वर्णावरून भेदभाव करायचा नाही, असा हुकूम काढला. काळ्या कामगारांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चा आणायची तंबी दिल्यावर तो निघाला, आपसूक नव्हे. त्यामुळे 1943 पासून काळ्या बायकांना लँगलीत हिशेबनीस म्हणून घेऊ लागले. त्यांना 'कॉम्प्युटर' म्हणत. तेव्हा यंत्र नव्हतं, बायकाच कॉम्प्युटर होत्या. काम मिळालं, पण बसायची इमारत वेगळी, आणि जेवणघरात मागच्या बाजूला एक टेबल. त्यावर पाटी, 'कलर्ड कॉम्प्युटर्स'.

मिरियम मान ही त्या पहिल्या तुकडीतली, चणीनं अगदी लहानखुरी. एक दिवस तिनं ती पाटी उचलली आणि पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी टेबलावर नवी पाटी आली. तीही पर्समध्ये गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. अशानं नोकरी जाईल, असं नवऱ्यानं बजावलं, तर गेली तर गेली, असं तिचं उत्तर. पाटी कोण ठेवायचं ते कधी कळलं नाही. मग एक दिवस पाटी आली नाही आणि त्यानंतर कधीच आली नाही.

मला हा प्रसंग त्या घावांपेक्षा फार मोठा वाटतो. यात भाषण नाही, टाळ्या नाहीत, बघायलाही कुणी नाही. युद्धकाळात हातात आलेली चांगल्या पगाराची नोकरी पणाला लावून ही बाई जेवायच्या सुट्टीत शांतपणे एक पुठ्ठा उचलते. कारखाना बंद पाडणं तिच्या हातात नव्हतं. पर्स होती. ज्या दिग्दर्शकाला हे दृश्य पडद्यावर आणावंसं वाटलं नाही, त्याला या बायकांची गोष्ट कळली का, अशी शंका मला येते.

चित्रपट वाईट आहे असं नाही. तिघी नट्यांची कामं सुरेख आहेत आणि घरातल्या पोरांची गडबड, चर्चमधलं जेवण हे सगळं जिवंत आहे. मेरी जॅक्सनला इंजिनिअर व्हायला जे वर्ग करायचे होते ते गोऱ्यांच्या शाळेत भरत, म्हणून ती परवानगी मागते, हेही खरं आहे. पुस्तकातला पुढचा तपशील मात्र पडद्यावर हवा होता. परवानगी मिळवून मेरी आत गेली, तर ती शाळा म्हणजे जुनाट, कळकट इमारत निघाली. एवढी वर्षं दार लावून जपलं ते हे!

सहकाऱ्यांनी काय करायचं असतं, तेही पुस्तकात नीट दिसतं. स्वच्छतागृह कुठं आहे असं मेरीनं विचारल्यावर गोऱ्या बायका फिदीफिदी हसल्या होत्या. ती धुमसत बाहेर पडली आणि समोर भेटलेल्या चार्नेकी नावाच्या गोऱ्या इंजिनिअरपाशी सगळं बोलून मोकळी झाली. त्यानं सहानुभूती देऊन वाटेला लावलं नाही. माझ्याकडे कामाला ये म्हणाला, आणि नंतर इंजिनिअर हो म्हणून तिच्या मागं लागला. 1958 साली ती झालीही. कॅथरीनबरोबर अहवालावर काम करणारा स्कोपिन्स्की दुसऱ्या कामावर निघाला, तेव्हा हा अहवाल कॅथरीनच पुरा करील असं त्यानं वरिष्ठांना सांगितलं. 1960 साली तो तिच्या नावासह निघाला. त्या विभागात बाईचं नाव अहवालावर येण्याची ती पहिली वेळ. दोघांनीही काही फोडलं नाही. आपल्या अधिकारात जेवढं देता येत होतं तेवढं दिलं.

आणखी एक गोष्ट चित्रपटानं गोड करून टाकली आहे. डोरोथी वॉन पडद्यावर शेवटी सुपरवायझर होते. प्रत्यक्षात ती 1949 सालापासूनच काळ्या बायकांच्या त्या विभागाची प्रमुख होती. 1958 साली वेगळे विभाग बंद झाले, त्यात तिचं पदही गेलं. नवी संगणकाची भाषा ती शिकली, पण 1971 साली निवृत्त होईपर्यंत प्रमुखपद तिला पुन्हा मिळालं नाही. भेदभाव संपवतानाही त्याची किंमत कुणी मोजायची, ते ठरलेलंच होतं. मेरीला हे कळलं असावं. 1979 साली तिनं इंजिनिअरची जागा सोडली, हुद्दा कमी करून घेतला आणि त्याच केंद्रातल्या बायकांच्या बढत्यांसाठी झटायचं काम पत्करलं.

आता आपल्याकडे बघा. लँगलीत पाटी होती, म्हणून ती पर्समध्ये टाकता आली. आपल्याकडे पाटी कधी लिहितच नाहीत. 1917 साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत, आणि त्यांना तिथं प्यायला पाणी मिळत नसे. त्या कचेरीत पाटी कुठं होती? सगळ्यांना न लिहिता पाठ होतं.

तसंच खिडकीतला तो कान तुटलेला कप सगळ्यांना पाठ असतो. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा. त्याबद्दल बोललं की आपल्या समाजातल्या बायका लगेच म्हणतात, "आमच्यात सोवळं असतं हो." असतं ना. पाणी गाळून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, कंदमुळं नाहीत. हे सगळे नियम काय खावं आणि कसं खावं याचे आहेत. गाळलेलं पाणी कुणाला कुठल्या पेल्यातून द्यायचं, हे कुठल्या व्रतात सांगितलंय? मुनिमहाराजांच्या आहाराचा चौका वेगळा ठेवा, ती शुद्धी आपण सगळेच पाळतो, घरचे लोकसुद्धा. पण रोजच्या चहाच्या कपाला चौक्याचा आधार देऊ नका.

टाळ्या वाजवताना मंडळातली प्रत्येक जण स्वतःला कॅथरीन समजत होती, मीही त्यातलीच. सासरी-माहेरी, बँकेच्या काउंटरवर, प्रत्येकीनं कधी ना कधी खाली मान घालून ऐकून घेतलंय, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण आपलं स्वयंपाकघर हे कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे, आणि तिथं साहेब आपण आहोत. जो अल हॅरिसन नव्हताच म्हणून मी इतकं लिहिलं, त्याची खुर्ची आपल्या घरात आहे.

चित्रपट संपल्यावर मी मंडळात एवढंच विचारलं, की आपल्याकडे तीन-चार तास काम करणाऱ्या मावशी लघवीला कुठं जातात? जरा वेळ कुणी बोललं नाही. एक म्हणाली, घरी जाऊन येत असतील. त्यांचं घर कुठं, तर रेल्वे फाटकापलीकडे, अर्धा मैल सहज असेल. दुसरी म्हणाली, "तिनं कधी विचारलंच नाही."

"तुम्ही दाखवलंत का?" मी म्हटलं.

दोघीतिघी उठून खुर्च्या लावू लागल्या. पुढच्या महिन्यात एकीनं फोनवर सांगितलं की, तिच्याकडच्या मावशींना मागच्या बाथरूमची कडी कुठं असते ते तिनं दाखवलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आता बोलतात. कपाचं अजून ठरायचंय.