यवतमाळचे न झालेले भाषण

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले आणि ऐनवेळी 'येऊ नका' असे कळवले. इंग्रजीत लिहिणारी बाई मराठीच्या मांडवात कशाला, हा आक्षेप पुढे करण्यात आला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. लिहून आलेले भाषण मांडवात झाले नाही, म्हणूनच ते गावोगाव वाचले गेले. उद्घाटन वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने केले. तिचा मान योग्यच होता. पण तो दुसरीच्या अपमानावर झाकण म्हणून वापरला जावा, हे आम्हाला पटले नाही.

भाषेची सबब तर फारच लंगडी. सहगल यांचे वडील रणजित पंडित मूळचे कोकणी घराण्यातले. कल्हणाची 'राजतरंगिणी' इंग्रजीत आणणारे. खरी अडचण भाषणातल्या मजकुराची होती. हा देश धर्माच्या नावावर उभा राहिला नाही, येथे सर्वांचा वाटा आहे, हे त्या ठणकावून सांगणार होत्या.

याच लेखिकेचे नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावरचे 'सिव्हिलायझिंग अ सॅव्हेज वर्ल्ड' हे २०१० चे पुस्तक भाषणाशेजारी ठेवून वाचावे. घरात 'आपले कोण' याचे जे उत्तर हुकूमत देते, त्याच उत्तराने ती बाहेर दोस्त निवडते, असे आम्हाला दोन्ही मिळून वाचताना दिसले. १९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध भारताने मत दिले. ते निव्वळ मुसलमानांचे मन राखण्यासाठी नव्हते. धर्मावर देश तोडणे ज्यांना घरी मान्य नव्हते, ते बाहेर कसे मान्य करणार?

मात्र लेखिका नेहरूंची भाची आहे, हे वाचताना विसरता येत नाही. आणीबाणीवर कठोर लिहिणारी ही लेखणी मामाजवळ मवाळ होते. १९५३ च्या सप्टेंबरात तिची आई विजयालक्ष्मी पंडित राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, शेख अब्दुल्लांना पदावरून काढून अटक झाली होती. जगाला लोकशाही शिकवणाऱ्याला श्रीनगरचे उत्तर द्यावेच लागते. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंधही १९९२ मध्ये काँग्रेसच्याच नरसिंह रावांनी जोडले. ते आमच्या विदर्भातल्या रामटेकहून दोनदा लोकसभेवर गेलेले. तेव्हा सगळे पाप २०१४ नंतरचे, हे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही.

२०१४ नंतर फरक पडला तो उघडपणाचा. डिसेंबर २०१९ च्या नागरिकत्व कायद्याने तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांची नावे घेतली आणि मुसलमान वगळला. त्याच आठवड्यात बांगलादेशच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दिल्लीचा दौरा रद्द केला. घरचा कायदा होता, पण शेजाऱ्याला तो आपल्यावरचा आरोप वाटला.

मे २०२२ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्या दूरचित्रवाणीवर हुजूर (स.) यांच्याविषयी बोलल्या. येथले मुसलमान निषेध करीत राहिले, पक्ष आठवडाभराहून अधिक काळ स्वस्थ बसला. ५ जूनला कतारने भारतीय राजदूताला बोलावून घेतले आणि त्याच दिवशी निलंबनाचा कागद निघाला. आमच्या अर्जापेक्षा दोहाचा खलिता वजनदार ठरला, याचा आम्हाला आनंद झाला नाही. वतन आमचे, दाद मात्र परदेशातून! दोहातल्या वकिलातीने खुलासा केला, की ती मते सरकारची नव्हेत, काठावरच्या किरकोळ लोकांची आहेत. ती बाई पक्षाची राष्ट्रीय प्रवक्ती होती.