‘रजा’ आणि ‘लाभ’ : मातृत्वविषयक दोन संज्ञांची चिकित्सा

मातृत्व आणि स्त्रीचे अर्थार्जन यांच्या परस्परसंबंधाची चर्चा अर्थशास्त्रज्ञ करीत आले आहेत. त्या चर्चेत निःशंकपणे वापरल्या जाणाऱ्या शब्दांची चिकित्सा करणे हे मात्र भाषाभ्यासकाचे काम होय. प्रस्तुत टिपण ‘बाळंतपणाची रजा’ आणि ‘प्रसूतिलाभ’ या दोन संज्ञांपुरते मर्यादित आहे.

‘रजा’ हा शब्द मूळचा अरबी असून संमती, अनुज्ञा हा त्याचा अर्थ आहे. देणारा वरिष्ठ व मागणारा कनिष्ठ, हे नाते त्यात गृहीत असते. आजच्या रूढ अर्थी रजा म्हणजे कामापासून सुटका. तेव्हा अर्भकासाठी रात्री जागविणारी स्त्री या संज्ञेच्या लेखी काहीच काम करीत नसते! ‘लाभ’ हा शब्द संस्कृत; तो पदरात पडतो. कष्टाच्या मजुरीला आपण लाभ म्हणत नाही.

वस्तुतः या कायद्यांमागील युक्तिवाद निराळा होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात अशा विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रतिपादिले की, स्त्रीला मिळणारी ही विश्रांती राष्ट्रहिताची असल्याने तिचा भार मुख्यतः शासनाने वाहावा. परंतु स्त्रियांच्या श्रमाचा फायदा मालकास होत असल्याने त्यानेही तो अंशतः सोसावा. या मांडणीत लाभ आहे तो मालकाचा. मातेचे आहे ते येणे.

मुंबई इलाख्यात १९२९ साली, मध्यप्रांतात १९३० साली कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवडे दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ते २६ झाले. मुदत वाढली, याचे मोल कमी नाही. पण राज्य कामगार विम्याच्या कक्षेबाहेर सर्व वेतनभार एकट्या मालकावर राहिला. मालकाने जे औदार्य समजून द्यावयाचे, ते टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे तरुण स्त्रीला नेमणूकच न देणे. मातृत्वाच्या रक्षणार्थ केलेली तरतूद अशा रीतीने रोजगाराच्या आड येऊ शकते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ‘लाभ’ ही संज्ञा कायमच राहिली.

नागपूरबाहेर पडताच या संज्ञांची मर्यादा उघड होते. धुऱ्यावर झोळी बांधून किलोच्या दराने कापूस वेचणाऱ्या स्त्रीला ‘रजा’ हा शब्दच लागू पडत नाही. कारण ज्याच्याकडे ती मागावी, असा कायमचा मालकच तिला नाही. ज्या दिवशी वेचणी नाही, त्या दिवशी मजुरी नाही. तिच्या येण्याला आपल्या परिभाषेत अद्याप नाव नाही. आणि ज्याला नाव नाही, त्याची मागणी कोणत्या शब्दांत करावी?